चूक, दुरुस्ती नाही

"हात लावायचा नाही. नुसतं बघ," असं म्हणत वेन लाहटीने कोटाच्या आतून एक छोटी लाकडी फ्रेम काढली आणि माझ्या काउंटरवर, दिव्याखाली उभी केली. सरोवरावरून येणारा वारा दुकानाची काच खडखडवत होता. वेनने बुटांवरचा बर्फसुद्धा झटकला नव्हता.

फ्रेममध्ये बेसबॉलचं कार्ड होतं. मागून खिळे ठोकून बसवलेलं! बेसबॉल खेळाडूंची जुनी कार्डं विकायच्या माझ्या धंद्यात हे पापच. जुन्या कार्डाचा कोपरा नखभर दुमडला तरी आमचा जीव जातो, आणि या बाबाने त्यावर हातोडी चालवली होती. मी त्याला फैलावरच घेणार होते, पण तेवढ्यात कार्डावरचा चेहरा दिसला.

वेन लाहटीच्या कार्डावर वेन लाहटीचा चेहरा होता.

तुम्हाला यात नवल वाटणार नाही. ओहायोतल्या आमच्या ॲश्टाब्युला गावात कुणालाही विचारा, तो डोळे विस्फारेल. वेन मोठ्या लीगमध्ये एकच उन्हाळा खेळला, तोही अर्धामुर्धा. चेंडू फेकायचा. खांदा गेला, घरी आला, आणि मग म्हातारा होईपर्यंत काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवली. त्या उन्हाळ्याची खूण म्हणून त्याचं एक कार्ड निघालं. लेकसाइड नावाची एक च्युइंगगमची कंपनी होती, गमच्या पुडीत कार्डं घालायची. कधीच बुडाली ती. कार्डावर नाव होतं वेन लाहटी आणि फोटो होता ज्युनियर टॅलबर्टचा.

ज्युनियर म्हणजे वेनच्याच संघातला, जॉर्जियाचा वल्ली. हंगामाआधी, मार्चमध्ये, दक्षिणेतल्या सरावाच्या मैदानावर कार्डांचे फोटो काढले, त्या दिवशी वेन जागेवर नव्हता. फोटोवाल्याने "लाहटी!" म्हणून हाक मारली, तर हा पठ्ठ्या दात काढत पुढे जाऊन उभा राहिला. कार्डाच्या मागे छापायची माहितीही यानेच सांगून टाकली. त्यामुळे मागे लिहिलं आहे की लाहटी उजव्या हाताने फेकतो, हिवाळ्यात गिटार वाजवतो आणि आईच्या हातचा तळलेला मासा त्याला फार आवडतो. वेन पक्का डावरा. गिटार त्याने दुकानाच्या काचेत पाहिली असेल तेवढीच. आणि त्याची आई फिनिश, तिने जन्मभर मासा उकडलाच. तरी तिने ते कार्ड स्वयंपाकघरात लावलं होतं. "नाव तरी आपलं आहे," म्हणायची.

पुढे ज्युनियर मोठा खेळाडू झाला, आणि खेळ संपल्यावर टीव्हीवरचा लाडका म्हातारा झाला. हा किस्सा त्याचा हुकमी. "ओहायोत एक माणूस माझं थोबाड लावून फिरतो! का? तर फोटोच्या वेळी तो संडासात बसला होता!" सगळा देश खो खो हसायचा. आमचं गावही हसायचं. किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर लोक वेनला थांबवून विचारायचे, "काय वेन, पोट बरं आहे ना आता?" वेनही हसायचा. काय करणार बिचारा! ज्युनियर वारला तेव्हा बातम्यांत तेच कार्ड दाखवलं. नाव वाचून, वेनच गेला असं समजून, त्याची इंडियानाची कुणी लांबची मावशी सांत्वन करायला फोन करती झाली. फोन वेननेच उचलला. "मी बरा आहे," एवढंच म्हणाला.

ज्युनियरमुळे ते कार्ड लोकांना हवं असतं. त्यात छपाईची आणखी एक गंमत आहे. काही कार्डांवर ज्युनियरच्या कानाशी शाईचा निळा ठिपका पडला आहे, काहींवर नाही. म्हणजे ठिपकेवालं आणि बिनठिपक्याचं, असे दोन प्रकार झाले, आणि यावर मोठी माणसं हमरीतुमरीवर येतात. देशभरातून वेनकडे पाकिटं येतात, सही करून पाठवा म्हणून. वर विचारतात, आधी कुठलं छापलं? जसं काही छापखान्याचं हँडल हाच फिरवत होता! वेन सगळ्यांना सही देतो, आणि नेहमी एकाच जागी. तळाशी, गवतावर. "दुसऱ्याच्या तोंडावर कसं लिहायचं?" म्हणतो.

आमच्या धंद्यात किमतींचं एक जाडजूड पुस्तक असतं. त्यात वेनच्या नावापुढे लिहिलेलं असतं, 'चूक, दुरुस्ती नाही'. कंपनीने चुकीचं कार्ड काढलं आणि पुन्हा नीट करून छापलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण माणसाच्या नावापुढे ते वाचायला मला कधीच बरं वाटलं नाही.

आणि आता हा माझ्यासमोर उभा होता, नाकाचा शेंडा लाल, डोळे पोरासारखे.

"दुरुस्ती केली होती त्यांनी, कॉनी! छापलं होतं नीट! थोडीच काढली असतील, बाहेर आलीच नसतील. गॅरेजमधल्या कॉफीच्या डब्यात, जुन्या कार्डांत होतं. इतकी वर्षं माझ्याच घरात मी पडून होतो."

मी भिंग घेतलं. त्या काळची छपाई भिंगाखाली धरली की रंगीत ठिपक्यांची फुलं फुलं दिसतात. इथे फुलं नव्हती. पिठीसाखर चाळावी तसा बारीक रंग सगळीकडे भुरभुरला होता. हे आजच्या यंत्राचं काम, मला पहिल्या नजरेत कळलं. शिवाय फोटोच्या तळाशी, गवतावर, फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती. डोक्याला रुमाल, दोन्ही कोपरं बाहेर. कंपनीचा फोटोवाला असं कधी होऊ देईल का?

"बोल की!"

"काचेतून काय कळणार, कपाळ? मागची बाजू बघू दे. वाचलंस का तू मागचं?"

"गॅरेजमध्ये चष्मा कुठला? आणि मागचं कशाला वाचायचं? आईच्या तळलेल्या माशाचं मला पाठ आहे." त्याने फ्रेम परत कोटात घातली. "शनिवारी क्लीव्हलंडच्या कार्डांच्या मेळ्यात मला सह्या करायला बोलावलंय ना, तिथं ते कार्ड खरं की खोटं तपासणारे असतात. त्यांच्यासमोरच खिळे काढू. त्यांनी खरं म्हटलं की पुस्तकातलं ते बदलावं लागेल. हो ना?"

"खरं म्हटलं तर लागेल."

"मग झालं!"

"वेन, ऐक. मला हे कार्ड बरोबर वाटत नाही."

"तुला तुझा नवराही कधी बरोबर वाटला नाही," वेन म्हणाला आणि हसत निघून गेला. असा हसताना मी त्याला पाहिलाच नव्हता. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. काय ओरडणार त्याच्या मागे?

दुपारी आर्लीन आली. वेनची बायको. ताठ पाठीची, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी, आवाज कधी न चढवणारी बाई. आत येऊन दाराला पाठ लावून उभी राहिली.

"काय सांगितलंस त्याला?"

"बरोबर वाटत नाही म्हटलं. ऐकतोय कुठं?"

"म्हणजे तुला कळलं."

मी तिच्याकडे बघितलं. तिने डोक्याला रुमाल बांधला होता, हनुवटीखाली गाठ. ती सावली!

"अगं बाई! आर्लीन, तू?"

ती कार्डांच्या खोक्यावर बसली. "थट्टा म्हणून केलं गं. लग्नाला पन्नास वर्षं होतायत. त्याच्या आईच्या अंगणात, खेळायचे कपडे घातलेला त्याचा फोटो मी काढला होता एकदा. पुतणीच्या छपाईच्या दुकानात जाऊन तिच्या उरावर बसून करून घेतलं. चहाच्या पाण्यातून काढलं, वाळवलं, लाटणं फिरवलं. पुढून मागून सगळं नीट केलं. डब्यात ठेवलं. म्हटलं सापडेल, हसेल, मग बाहेर जेवायला जाऊ."

"मग?"

"मग हा गॅरेजमधून आत आला तो रडत. त्याची आई गेली तेव्हाही हा रडला नव्हता, कॉनी. माझ्यासमोर कार्ड धरलं आणि म्हणाला, 'आर्लीन, हा मी आहे.' पुन्हा पुन्हा तेच, हा मी आहे. आता मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच तोंडाने, आणि आजच. शनिवारपर्यंत लांबवलंस तर चारचौघांत होईल."

"तू सांग ना. दुकान तुझं, भिंग तुझं."

"आणि नवरा तुझा!"

दोघीही हसलो, पण ते हसू काही खरं नव्हतं. आर्लीनने रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"तो संडासात नव्हता," ती म्हणाली.

"कोण?"

"वेन. त्या फोटोच्या दिवशी. मी फोन केला होता. नवीन लग्न, तो तिकडे सरावाला, इथं घरात मी एकटी, आणि मार्चातल्या थंडीने पाण्याचे पाइप गोठले. घाबरले. त्याच्या क्लबात फोन लावला. तो फोटोची रांग सोडून पळत फोनपाशी आला. कुठला नळ उघडायचा, कुठं गरम फडकं गुंडाळायचं, सगळं समजावत बसला. मी रडत होते ना, त्याने फोन ठेवलाच नाही. तेवढ्यात ते जॉर्जियाचं माकड जाऊन उभं राहिलं."

"आणि इतकी वर्षं हा माणूस संडासाचे विनोद ऐकत राहिला? सांगितलं का नाही कुणाला?"

"मी म्हटलं होतं सांग म्हणून. तर म्हणतो, मला हसतात ते ठीक आहे. सांगितलं तर तुला हसतील."

आर्लीन उठली, आणि "सांगते मी त्याला," असं म्हणून गेली.

नाही सांगितलं. शनिवारी सकाळी मी माझी गाडी घेऊन त्यांच्या दारात गेले तेव्हा तिचा चेहरा बघूनच समजलं. वेन नवीन शर्ट घालून माझ्या शेजारी बसला, फ्रेम मांडीवर. आर्लीन मागे.

"वेन, मला तुला काही सांगायचंय," गाडी हमरस्त्याला लागल्यावर ती म्हणाली.

"हीटर वाढवू का? कॉनी, वाढव गं. हिला गार लागतं मागे."

मी वाढवला. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "वेन..."

"मी शाळेत बोललोय," वेन आपल्याच तारेत. "ट्रॉफीच्या कपाटात ते ज्युनियरचं कार्ड आहे ना, माझ्या नावाचं? म्हटलं, लवकरच नवीन आणून देतो. बाई इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, छोटा कार्यक्रम करू, मुलांना बोलवू." तो मागे वळला. "तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," आर्लीन म्हणाली.

मी आरशात तिच्याकडे बघून डोळे वटारले. तिने मान फिरवली. माझी चिडचिड झाली होती, तिच्यावर, वेनवर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. कुठेतरी गाडी बाजूला घ्यावी आणि म्हणावं, अरे बाबा, हे खोटं आहे, तुझ्या बायकोने केलंय, चल घरी. पण त्याच्या मांडीवरच्या त्या फ्रेमकडे बघितलं की जीभच उचलत नव्हती. तिघंही एका गाडीत कोंडल्यासारखे चाललो होतो, आणि गाडी मीच चालवत होते.

मेळा म्हणजे हॉटेलातलं मोठं दालन, टेबलांच्या रांगा, माणसांचा बुजबुजाट आणि मक्याच्या लाह्यांचा वास. तपासणाऱ्यांचं टेबल कोपऱ्यात होतं. तिथे टेस नावाची एक तरुण मुलगी बसली होती, केस घट्ट बांधलेले, बोलणं गोड. वेनचं नाव ऐकल्यावर ती उभीच राहिली.

"मिस्टर लाहटी! माझ्या बाबांकडे तुमचं ठिपकेवालं आहे!"

"हे त्या दोन्हींतलं नाही," वेन म्हणाला, आणि फ्रेम पुढे केली.

खिळे बघून तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. तिने पकडीने एकेक खिळा काढला, कार्ड चिमट्यात धरून आधी भिंगाखाली घातलं, मग जांभळ्या दिव्याखाली. जुना कागद त्या उजेडात काळाभोर दिसतो. हा निळसर पांढरा लखलखला. मला ते ठाऊकच होतं.

टेसने दिवा बंद केला. "मिस्टर लाहटी, मला वाईट वाटतं. हे अलीकडे छापलेलं आहे. कागदही नवीन आहे."

वेन तिच्याकडे बघत राहिला. "पण हा मीच आहे," तो म्हणाला.

"हो. फोटो तुमचाच असेल. पण कार्ड खोटं आहे."

"तुम्ही पुन्हा एकदा बघता का?"

"बघते ना." तिने पुन्हा बघितलं. आम्हाला बरं वाटावं म्हणून बघितलं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. वेनने टेबलाची कड धरली होती. मागे दोन-चार बघे गोळा झाले. त्यांतल्या एकाने दुसऱ्याला कोपरखळी मारली. आर्लीन माझ्या दंडाला धरून उभी होती, तिची बोटं रुतत होती.

"आणि ज्याने केलं त्याला या धंद्यातलं काही कळत नाही," टेस म्हणाली. तिला बिचारीला धीर द्यायचा होता. "फोटो चुकला तर कंपनी फोटो बदलते. मागचा मजकूर कोण बदलतं? इथं तर सगळंच बदललंय. ऐका. 'डाव्या हाताने फेकतो. हिवाळ्यात वडिलांबरोबर वाफेच्या आंघोळीची सॉना बांधतो. आईच्या हातचा वेलचीचा पाव याला सर्वांत आवडतो.'"

वेनचा हात टेबलावरून निघाला.

"आणि हे शेवटचं तर बघा," टेस हसली. "'घरून फोन आला, की हातातलं सगळं टाकून धावतो.' असं कधी कुणी कार्डावर छापतं का?"

वेनने खिशातून चष्मा काढला, लावला, कार्ड हातात घेतलं आणि मागची बाजू स्वतः वाचली. ओठ हलत होते. ओळी चारच, पण तो बराच वेळ वाचत होता.

"यात चूक एकही नाही," तो टेसला म्हणाला.

"कार्ड खोटं आहे, मिस्टर लाहटी. मला तसंच नोंदवावं लागेल."

"नोंदवा ना. तुमचं काम आहे ते." मग तो वळला, आर्लीनच्या चेहऱ्याकडे न बघता कार्ड तिच्या हातात दिलं, फ्रेमचे तुकडे माझ्या हातात दिले, आणि सह्यांच्या टेबलाकडे चालू लागला. तिथे आधीच रांग लागली होती.

आर्लीन जागची हलेना. "रागावला," ती म्हणाली.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. तिकडे वेन खाली मान घालून सह्या करत होता. समोर येईल ते कार्ड घ्यायचा, नाव विचारायचा, गवतावर सही करायचा, परत द्यायचा. ठिपकेवालं, बिनठिपक्याचं, पुन्हा ठिपकेवालं. प्रत्येकावर ज्युनियर टॅलबर्ट दात काढून उभा. एका जाड्याने "काय मिस्टर लाहटी, आज आधीच जाऊन आलात ना?" विचारलं, आणि अर्धी रांग हसली. वेनही हसला. त्या जाड्याच्या डोक्यात फ्रेम घालावी असं मला वाटलं. पुस्तकातला तो शेरा तसाच राहणार होता. शाळेच्या कपाटातलं ते कार्डही तसंच राहणार होतं, आणि त्या बाईंना फोन करून वेनच सांगणार होता.

मी वळून बघते तर आर्लीन शेजारी नाही. रांगेत जाऊन उभी होती, अनोळखी माणसांच्या मध्ये, दोन्ही हातांत ते कार्ड धरून. पुढच्या माणसाने तिला विचारलं, "तुमचं कुठलं? ठिपकेवालं का?" तिने नुसती नाही म्हणून मान हलवली.

रांग हळूहळू सरकली. तिची पाळी आली. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. वेनने मान वर केलीच नाही.

"नाव काय लिहू?"

"आर्लीन."

त्याचं पेन सवयीने खाली गवताकडे गेलं आणि कागदाला लागायच्या आत थांबलं. मी जवळ गेले होते. त्या गवतावर ती सावली होती, डोक्याला रुमाल, कॅमेरा धरलेली कोपरं बाहेर. वेन त्या सावलीकडे बघत राहिला. मागची माणसं चुळबुळ करू लागली.

"सही कुठं करू?" तो हळूच म्हणाला. "इथं तर तू उभी आहेस."

आर्लीनने तोंडावर हात ठेवला. वेनने ते कार्ड उचललं, नव्या शर्टाच्या खिशात घातलं आणि खिशाचं बटण लावलं. मग शेजारची रिकामी खुर्ची पायाने ओढली.

"बस इथं," तो म्हणाला. "अजून बरीच रांग आहे."

ती बसली. पुढच्या माणसाने ज्युनियरचं कार्ड समोर ठेवलं, आणि वेनने त्याला नाव विचारलं.